रुखवतातला फ्रिज

साबणापेक्षा साबणाचा कागद मोलाचा असतो, हे आमच्या आत्याइतकं ठामपणे मानणारी दुसरी बाई बीड जिल्ह्यात काय, उभ्या महाराष्ट्रात सापडणार नाही. कंपन्यांना वाटतं की आपण साबण, चहा, बिस्किटं विकतो. आत्याच्या मते त्या कागद विकतात, आणि कागद चुरगळू नये म्हणून आत काहीतरी भरून देतात. हे ती थट्टेनं म्हणत नाही. दुकानातही ती त्याच हिशोबानं वागते. दिंद्रुडच्या किराणा दुकानदारानं एकदा विचारलं, "आत्याबाई, साबण कोनता देऊ?" ही म्हणाली, "जांभळा." तो म्हणाला, "जांभळ्याचा वास उग्र हाय, हिरवा न्या." त्यावर आत्यानं त्याला समजावून सांगितलं, "आरं, भिताडाला कुठं नाक असतंय का?" तेव्हापासून तो बिचारा तिला वास, वजन, भाव यातलं काहीच सांगत नाही. नवीन रंगाचा पुडा आला की तेवढा वेगळा काढून ठेवतो.

तिचं घर दोन खोल्यांचं, वर पत्रे, मागं मेंढरांचा गोठा. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, वर्षातले सहा महिने मेंढरं घेऊन रानोमाळ असतात आणि उरलेले सहा महिने घरी असून नसल्यासारखे. त्यामुळं भिंतींवर राज्य आत्याचं. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की माणूस आधी दचकतो. चहाचे पुडे, शाम्पूच्या पुड्या, कपाशीच्या बियाण्याची पाकिटं, पेंडीच्या पोत्यावरची म्हैस, गोरं करणाऱ्या क्रीमवरच्या बायका, सगळं कापून, जोडून, एकात एक घुसवून चिकटवलेलं. क्रीमवरच्या एका गोऱ्यापान बाईचं तोंड तिनं पेंडीवरच्या म्हशीच्या धडाला लावलंय, आणि खरं सांगतो, ती बाई पहिल्यांदाच कुठंतरी शोभली आहे. मी विचारलं, हे वेड कधी लागलं? तर म्हणाली, "लगीन होऊन आले तवा भिताडाला भोक व्हतं. चहाच्या पुड्याचं ठिगळ लावलं. मग त्या ठिगळाला एकटं वाटाया लागलं."

तिची हत्यारं दोन. मेंढरांची लोकर कातरायची मोठी कातर, आणि कणीक शिजवून केलेली खळ. खळीत ती चिमूटभर मोरचूद टाकते, म्हणजे झुरळं कागद खात नाहीत. ही खळ वाटीत घेऊन, पदर खोचून ती भिंतीसमोर उभी राहिली की तिच्याशी बोलायची कुणाची टाप नाही. एकदा तहसीलचा कुणी माणूस चौकशीला आला आणि अर्धा तास वाटी धरून उभा राहिला. जाताना त्याच्या खिशातला रंगीत पेनाचा खोकाही हिनं मागून घेतला.

आता मी कोण, ते सांगतो. माजलगावात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. साहेबांचा वाढदिवस असला की चौकात तीस फुटी फ्लेक्स लागतो ना, वर साहेब, खाली शुभेच्छुकांचे बटणाएवढे चाळीस चेहरे, तो मी छापतो. लोक मला आर्टिस्ट म्हणतात. आत्या मला "आमचा बॅनरवाला" म्हणते आणि उतरवलेले फ्लेक्स हक्कानं घेऊन जाते. एका वर्षी तिनं चाळीसच्या चाळीस शुभेच्छुक कातरून काढले, त्यांना मेंढरांची अंगं लावली आणि मधल्या भिंतीवर कळप सोडला. साहेब पुढं, काठी घेऊन. गावातल्या एका शुभेच्छुकाला ही बातमी लागली. तो तणतणत आला, "आत्याबाई, ह्यो काय परकार हाय? माझी काय इज्जत हाय का न्हाई?" ही शांतपणे म्हणाली, "चौकात तुझा फोटू किती दिस व्हता?" तो म्हणाला, "तीन." "माझ्या घरात तीन वर्सं झाली. कोनी जपलं तुला?" त्यानं कळपात स्वतःला शोधून काढलं. मग हळूच म्हणाला, "मला जरा फुडं घेता आलं तर बगा." आता तो स्वतःच बॅनर आणून देतो.

मी नवीन घर बांधलं तेव्हा तिला मुद्दाम बोलावलं. म्हटलं, बघू दे हिला खरी सजावट काय असते. हॉलच्या भिंतीवर मी स्वतः छापलेला वॉलपेपर, बर्फाचे डोंगर आणि धबधबा. छताला पीओपी, त्यात निळे दिवे. टीपॉयवर प्लॅस्टिकची द्राक्षं. सोफा इतका नवा की त्याचं प्लॅस्टिकचं कव्हरही काढलेलं नव्हतं, आणि खरं तर जुन्या घरापासून दोन वर्षं झाली होती. आत्या सगळीकडं फिरली, द्राक्षं दाबून बघितली, धबधब्याला हात लावला. मग बसली. सोफा करकरला. म्हणाली, "लई झ्याक हाय. पर हे समदं दुकानात व्हतं तसंच हितं हाय. तुमचं काय हाय ह्यात?" माझ्या बायकोला राग आला. ती म्हणाली, "आत्या, सोफा आमचाच आहे की." "मग त्याचं पोतं कावून काढलं न्हाई?" बायकोनं चार दिवस धुसफुस केली आणि पाचव्या दिवशी कव्हर काढलं. ते अर्थातच आत्या घेऊन गेली.

एवढ्यावर सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण तिची एकुलती एक मुलगी शीतल लग्नाची झाली. पोरगी गुणाची, बीडला दवाखान्यात नर्स. स्थळ चौसाळ्याचं. मुलाचं हायवेला मोबाईल दुरुस्तीचं दुकान, वडील नाहीत, आई आणि चुलते. दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं होतं, नुसतं पसंत नव्हे, तास तास फोन चालायचे. राहिली होती फक्त बैठक. दिंद्रुडला आत्याच्याच घरात, त्या चाळीस मेंढरांच्या नजरेखाली, सतरंजी टाकून बैठक बसली. मुलाचे काका मोठे गोड बोलणारे गृहस्थ. कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं. भिंतीकडं त्यांनी एकदाच बघितलं आणि नजर फिरवली. म्हणाले, "हे बघा पाव्हणं, आमाला काय म्हंजी काय नको. द्यायचं-घ्यायचं नावच काढू नका, आमच्या तत्त्वात बसत न्हाई. फकस्त रुखवतात फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही तेवढं मांडा. चार लोकांत बरं दिसतंय."

आता रुखवत म्हणजे काय ते आपल्याकडं सगळ्यांना ठाऊक आहे. मुलीकडचे मांडवात वस्तू मांडतात, आणि मांडलेलं सगळं संध्याकाळी टेम्पोत चढून मुलाकडं जातं. काकांनी कायद्याला भिऊन "द्या" हा शब्द तोंडातून काढला नाही, "मांडा" म्हणाले. मामांनी मान खाली घातली. मी छताकडं बघितलं. आत्या चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिनं विचारलं, "निस्तं मांडायचं?"

"निस्तं मांडायचं, ताई," काका हसले.

"दिसायला बरं दिसलं पायजे, एवढंच ना?"

"एवढंच."

"मग मांडते," आत्या म्हणाली, आणि सगळ्यांना चहा दिला. सगळे हसले. मला मात्र तिचा आवाज काही बरा वाटला नाही. लहानपणापासून ओळखतो मी त्या आवाजाला.

दुसऱ्या दिवसापासून मामा गोठ्याच्या दारात बसून मेंढरांकडं बघत राहिले. कोणती विकायची ते मनाशी ठरवत होते. तीन वस्तूंच्या नादात निम्मा कळप गेला असता, आणि त्या माणसाला कळपाशिवाय दुसरं जगच नाही. आत्या येऊन म्हणाली, "एकबी इकायचं न्हाई. निस्तं मांडायचंय, सांगितलंय त्यांनी." मामा त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवले. इकडं शीतलचा मला फोन. रडवेली झालेली. "दादा, आई काहीतरी करणार. लग्न मोडलं तर मी काय करू? तू जाऊन बघ ना." मी गेलो. आत्यानं मला दारातच अडवलं आणि उलट मलाच कामं सांगितली. फ्रिज, वॉशिंग मशीन आणि टीव्ही यांचे रिकामे खोके आणायचे, चांगले, न दबलेले. आणि बारा फुटी एक फ्लेक्स छापायचा, शुभविवाह, शीतलच्या नावाचा, घरातल्या मोठ्या भिंतीवर लावायला.

फ्लेक्सचं ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांत या बाईनं माझ्या धंद्याला पहिल्यांदाच मान दिला होता. मी झकास फ्लेक्स छापला, कडेनं गुलाब, कोपऱ्यात दोन मोर. तिनं तो घेतला, मला बाहेर ठेवलं आणि दार लावून स्वतःच भिंतीवर ठोकला. रिकामे खोके कशाला, हे मी विचारलं नाही. काही गोष्टी माहीत नसलेल्या बऱ्या असतात, मग नंतर निदान शपथ तरी घेता येते.

लग्नाच्या दिवशी मांडवात रुखवत उघडलं, आणि शे-दोनशे माणूस जेवणाची पंगत सोडून तिकडं धावलं. पुरुषभर उंचीचा फ्रिज उभा होता. निळ्या रंगाच्या वॉशिंग पावडरच्या कागदांनी सगळा मढवलेला, निळ्याच्या दहा छटा, लांबून बघितलं तर खरंच गार वाटावं. दाराला मूठ म्हणून पळी बसवलेली. वर जिथं कंपनीचं नाव असतं तिथं, माझ्याच एका जुन्या फ्लेक्समधून कातरलेला, ठळक लाल अक्षरांचा एकच शब्द, "शुभेच्छुक". शेजारी वॉशिंग मशीन. तिच्या गोल खिडकीत शाम्पूवाल्या बायकांच्या केसांचा फेस, आणि फेसातून हसत हात जोडणारे साहेब. टीव्हीच्या जागी आरसा होता. पोरं रांग लावून त्यात स्वतःला बघत होती आणि फोटो काढत होती. एक म्हातारा तर टीव्हीपुढं उभा राहून टोपी नीट करायला लागला.

तेवढ्यात वऱ्हाड आलं. काका गर्दीतून पुढं आले. आधी हसले, मग फ्रिजच्या अंगाला हात लावला, आणि पुठ्ठा आत दबला. त्यांचा चेहरा उतरत गेलेला मी बघितला. म्हणाले, "ह्यो काय खेळ लावलाय?"

"खेळ न्हाई, रुखवत हाय," आत्या म्हणाली. नऊवारीचा काष्टा घट्ट, कपाळावर मोठं कुंकू, हात कमरेवर. "तुमीच म्हनलात, घ्यायचं काय न्हाई, निस्तं मांडा. मांडलं. चार लोकांत बरं दिसतंय का न्हाई, इचारा बरं लोकांना."

"बरं दिसतंय," मागून कुणीतरी म्हणालं. तो तोच शुभेच्छुक होता.

काकांचा आवाज चढला. "बाई, तुमाला कळत कसं न्हाई? मांडा म्हंजी काय असतंय ते शेंबड्या पोराला ठावं हाय. ही वरात आमी माघारी नेऊ."

मांडवाच्या दाराशी शीतल उभी होती, हळदीच्या पिवळ्या लुगड्यात, चुन्यासारखी पांढरी पडलेली. नवरदेव घोड्यावरून उतरावं की नको या विचारात तसाच बसलेला. मामा हातातली पागोट्याची गाठ सोडत आणि बांधत होते. वाटलं, आत्या, आता तरी वाक. खोटं खोटं वाक, पण वाक. आत्या वळली, आणि आहेराची नावं पुकारणाऱ्या माणसाच्या हातातून तिनं माईक काढून घेतला. तो काकांच्या पुढं धरला.

"मला अडान्याला कळलं न्हाई, चुकलं माझं. मांडा म्हंजी द्या असं असंल, तर तेवढं ह्याच्यात बोला. फ्रिज पायजे म्हना, मशीन पायजे म्हना. समद्या गावाला ऐकू जाऊ द्या. तुमी म्हना, मी आत्ता मेंढरं इकते."

माईक सुरू होता. काकांचा श्वास सबंध दिंद्रुडला ऐकू गेला, शब्द मात्र एकही आला नाही. तत्त्वात बसत नव्हतं ना.

या सगळ्यात नवरदेवाची आई कधी पुढं आली ते कुणाच्या लक्षात आलं नाही. बारीकशी बाई, बैठकीतही तोंड उघडलं नव्हतं. तिनं पळीला धरून फ्रिजचं दार उघडलं. दार उघडतं हे तोपर्यंत कुणाला माहीत नव्हतं. आत पुठ्ठ्याचे कप्पे होते, आणि कप्प्यांवर जे होतं ते बाहेरच्यासारखं चकचकीत नव्हतं. जुने, कडा पिवळ्या पडलेले, सुरकुतलेले कागद. काहींच्या मागं अजून भिंतीचा चुना लागलेला. ती बाई वाकून बघत राहिली, काही कळेना तिला. तेवढ्यात शीतल पुढं आली, बघितलं, आणि तिथंच खाली बसली.

"हा बिस्किटाचा पुडा मी पहिल्या दिवशी शाळेत नेलता," ती म्हणाली. तिचा आवाज बसला होता, पण आत्याच्या हातातला माईक अजून सुरू होता, त्यामुळं सगळ्यांना ऐकू आलं. "हा ग्लुकोजचा, मला कावीळ झालती तवाचा. हा दहावीच्या पेढ्यांचा. हे वेफरचं पाकीट बीडच्या स्टँडवरचं, नर्सिंगच्या ॲडमिशनला आई अन् मी गेलतो. आई, तू हे फेकून दिलं न्हाईस?"

विहीणबाईंनी त्या काविळीच्या पुड्यावरून बोट फिरवलं आणि आत्याला विचारलं, "इतकी वर्सं जपून ठिवलं?"

"घर हाय, बाई," आत्या म्हणाली. आवाजात अजून तीच धार होती, पण डोळे भरले होते. "घरात दुसरं काय ठिवायचं मग?"

विहीणबाई सरळ झाल्या, दिराकडं वळल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं बोलल्या. "टेम्पोत आधी ह्यो फ्रिज चढवा. उभा न्या. फ्रिज आडवा नेत न्हाईत." टेम्पो काकांचाच होता, त्यामुळं दोरीही त्यांनाच बांधावी लागली. बांधताना ते काहीतरी पुटपुटत होते, पण गाठ मात्र नीट मारली. पळी वाटेत पडू नये म्हणून काढून खिशात घातली, दोन पेनांच्या शेजारी. लग्न लागलं. मामांची सगळी मेंढरं गोठ्यात होती, आणि अक्षता टाकताना मला इतकं हसू आलं की बायकोनं कोपर मारलं.

हे सगळं मी लोकांना सांगतो तेव्हा सगळे हसतात. मीही हसतो. पण लग्नानंतर दोन दिवसांनी माझा फ्लेक्स उतरवायला मी दिंद्रुडला गेलो, त्याबद्दल सहसा सांगत नाही. मोर आणि गुलाब खाली ओढले, आणि मागं भिंत होती, नुसती भिंत. बारा फूट पांढरा चुना, जागोजागी खळीचे डाग. आत्यानं फ्रिजच्या आत लावायला शीतलचं, म्हणजे तिच्या लहानपणापासूनच्या कागदांचं, अख्खं भिताड सोलून काढलं होतं, आणि लग्नाच्या दिवशी ते उघडं दिसू नये म्हणून माझा फ्लेक्स मागितला होता. मी माझ्या धंद्याला मान मिळाला म्हणून खूश होतो, बघा. तिच्याकडं देण्यासारखी होती नव्हती ती एकच गोष्ट तिनं दिली होती, आणि सगळा गाव समजत होता की तिनं काही न देता मुलगी उजवली.

म्हटलं, "आत्या, ही जागा भरून टाक. मी हवे तेवढे बॅनर देतो."

"नको. ते भिताड शीतलचं हाय. ती पंचमीला येईल, तिच्या सासरचे कागद घिऊन. मग लावू दोघी."

चौसाळ्यात शीतल सुखात आहे. जावयानं पुढं आपल्या कमाईतून खरा फ्रिज घेतला, आणि कागदाचा फ्रिज त्याच्या शेजारी उभा आहे, पळी पुन्हा बसवलेली. विहीणबाई त्यात उन्हाळ्याचे पापड ठेवतात. पण बीडच्या दवाखान्यातली तिची नोकरी चालूच आहे, आणि तिथं सुट्टीचं खरं नसतं. पहिल्या पंचमीला तिची ड्युटी लागली. यंदा मी पंचमीला मुद्दाम दिंद्रुडला गेलो. गावात पोरीबाळी झोक्यावर होत्या. आत्याच्या पुढच्या खोलीत तीन भिंती रंगानं गजबजलेल्या आणि चौथी तशीच पांढरी. खाली पाटावर खळीची वाटी, वर ताटली झाकलेली. शेजारी मेंढरांची कातर, पुसून ठेवलेली.

"फोन आलता," आत्या म्हणाली. "न्हाई जमत म्हनली. पेशंट लई हायत."

मी ताटली उचलून बघितली. खळीवर जाड साय धरली होती. "आत्या, ही वाळली गं."

"वाळू दे. कणीक काय कुनाच्या बापाची हाय? उद्या दुसरी करीन." तिनं माझ्या हातातून ताटली घेतली आणि वाटीवर पुन्हा झाकली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "बीडची गाडी आजकाल किती वाजता येती रे?"

त्या गाडीची वेळ तिला कंडक्टरपेक्षा जास्त पाठ आहे. तरी मी सांगितली.